निलेशच्या नावाची हजेरी

टोकरखाडा, सिल्वासा
२४ जानेवारी २०२४

गजाननभाऊंना अलकाचा नमस्कार.

पोचले. अमळनेरहून निघून सुरतेला गाडी बदलली, वापीला उतरले, तिथून रिक्षा. पिशवी खाली न ठेवताच लिहायला बसले, म्हणून अक्षर असं आलंय. शाळेतल्या पोरांनी असं लिहिलं असतं तर मी वही फेकून दिली असती.

भेटायला आलेल्या माणसांना कुणी दारातून हाकलतं का हो? "माझ्याकडे कुणी मेलं नाही. चहा प्यायचा तर प्या, रडायचं असेल तर आपापल्या घरी रडा." हे तुम्ही बोललात, माझ्यादेखत! मी आ वासून बघत राहिले. बावीस वर्षं आपण भिंतीला भिंत लावून राहिलो. पहिली तीन वर्षं तर मी तुम्हाला वसंतभाऊ म्हणायचे, कारण कंपनीच्या कार्डावर तेच नाव होतं. दुसऱ्याच्या कार्डावर काम करताय हे राखी बांधताना कळलं, तेव्हा पोट दुखेपर्यंत हसलो होतो. तुमच्या निलेशला बाराखडी मी गिरवायला दिली. पण त्या दिवशी दारात उभा होता तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

भाऊ, पंधरा दिवस झाले. कंपनीने निलेशला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला दक्षिणेत पाठवलं, आणि ते विमान घाटात पडलं. नऊ जणांची ओळख अजून पटलेली नाही, त्यात आपला निलेश आहे. सरकारचं पत्र मी तुमच्या देवघरात, पाटाखाली सरकवलेलं पाहिलंय. आईबापाचं रक्त मागितलंय. दहा मार्चपर्यंत दिलं नाही, तर जे उरेल त्याला एकत्रच अग्नी देणार. एकत्र! म्हणजे आपल्या पोराची मूठभर राखसुद्धा आपली म्हणून मिळायची नाही.

आणि धनश्रीचा विचार करा. सत्तावीस वर्षांच्या नवऱ्याची ही चोवीस वर्षांची बायको गलोंड्याला, कंपनीजवळच्या खोलीत एकटी बसलीय. सासरा म्हणतो तो येणार, सरकार म्हणतं तो गेला. तिने कपाळाला काय लावायचं?

रक्त द्या. आणि फोन का बंद ठेवलाय? रोज लावते मी.

तुमची,
अलका

*

सावखेडा, ता. अमळनेर
३० जानेवारी २०२४

चि. अलकास गजाननचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हाकललं ते चुकलं असेल, पण माय वं, ज्याचं पोरगं जिवंत आहे त्याच्या दारात बाया गळा काढायला लागल्या तर तो काय आरती करेल?

फोन बंद आहे आणि बंदच राहील. ते फोन ऐकतात. ज्यांची माणसं त्या विमानात होती, त्या सगळ्यांचे ऐकतात. मी माझा फोन ज्वारीच्या कोठीत तळाशी घातलाय. इथून पुढे जे काय ते पत्राने.

आता तू गणिताची बाई आहेस, तर हिशोबानेच सांगतो. माझा पुतण्या गोकुळ, त्याच्या मोबाइलवर एका रिटायर साहेबाचे व्हिडिओ येतात. तो साहेब म्हणतो, विमान पडलंच नाही. त्यात एक मोठा शास्त्रज्ञ होता, त्याला पळवायचा होता, म्हणून सगळ्यांनाच एका बेटावर उतरवलं आणि घाटात जुनं भंगार विमान जाळलं. तू हसशील. हस. पण याचं उत्तर दे. पहिल्या दिवशी एकसष्ट माणसं म्हणाले, दुसऱ्या दिवशी बासष्ट. एक माणूस कुठून आला? विमान जळून कोळसा झालं म्हणतात, मग एका पोराचं दप्तर कोरं करकरीत कसं सापडलं? ज्यांची माणसं गेली म्हणतात त्यांनी संध्याकाळी फोन लावले तर रिंग वाजली. मेलेल्या फोनला रिंग? आणि पडल्याची वेळ आधी नऊ चाळीस सांगितली, मग नऊ बावन्न. बारा मिनिटं कुठे गेली?

अठ्ठावीस वर्षं मी फिटर होतो. मशीन बंद पडलं की साहेब लोक काहीबाही सांगायचे, पण मी झाकण उघडून बघायचो. इथे झाकण कोणी उघडू देत नाही.

रक्त द्यायचं म्हणजे आपल्या हाताने त्याला मेला लिहून द्यायचं. ते माझ्याने होणार नाही. कुसुम पण नको म्हणते. ती रोज त्याचं ताट वाढते.

गजानन

*

टोकरखाडा
५ फेब्रुवारी २०२४

गजाननभाऊ, नमस्कार.

हसले नाही. वहिनी ताट वाढतात हे वाचून पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पण तुम्ही उत्तर मागितलंय, आणि मी मास्तरीण आहे. उत्तर येत असताना गप्प बसणं मला जमत नाही.

तुमचं दप्तर घ्या. आपल्या कंपनीच्या सुताच्या गोदामाला आग लागली होती, आठवतं? लोखंडी मांडण्या मेणासारख्या वाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, "अलका, सगळं गेलं, पण भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर जसंच्या तसं!" तेव्हा गोदाम जळालंच नाही असं म्हणालात का? आग काय यादी करून जाळते?

रिंगचं मी करून पाहिलं. शाळेतला शिपाई, त्याचा जुना फोन चालू असताना बॅटरी उपसून काढली आणि माझ्या फोनवरून लावला. चार वेळा केलं. तीनदा ती बाई बोलली, एकदा माझ्या कानात चक्क रिंग वाजली, आणि फोन समोर टेबलावर बॅटरीविना पडलेला! मी दचकलेच. म्हणजे आपल्याला ऐकू येते ती रिंग तिकडे वाजतेच असं नाही. फोनची कंपनी आपली शोधत बसते आणि तोवर आपल्या कानात वाजवते.

आता तो बासष्टावा माणूस. भाऊ, हे लिहवत नाही, तरी लिहिते. मी जुनी वर्तमानपत्रं काढून नावं मोजली. जागा एकसष्ट लोकांच्या होत्या. बासष्टावं आईच्या मांडीवर होतं, सात महिन्यांचं. मांडीवरच्या बाळाला खुर्ची नसते, म्हणून पहिल्या मोजणीत आलं नाही. तुमचा तो साहेब त्या बाळाला पुरावा म्हणून नाचवतोय. मला इतका संताप आला की सांगता येत नाही.

राहिली बारा मिनिटं. ती का बदलली ते मला ठाऊक नाही. चूक असेल, झाकाझाकीसुद्धा असेल, सरकार काही हरिश्चंद्र नाही. पण ठाऊक नाही म्हणजे ठाऊक नाही. त्या रिकाम्या जागेत मी बेट नाही बसवणार. आणि समजा बेट आहे. बासष्ट माणसं, त्यांना सांभाळणारे पन्नास, रांधणारे दहा. आपल्या चाळीत कुणी चोरून मासळी तळली तरी चार घरांना कळायचं. एवढ्या माणसांतून एकही जण घरी निरोप पाठवत नाही?

रक्त देणं म्हणजे मेला लिहून देणं नव्हे. नुसतं विचारणं आहे. तुम्ही झाकण उघडणारे ना? मग हेच झाकण आहे.

अलका

*

सावखेडा
११ फेब्रुवारी २०२४

चि. अलकास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कॅलेंडरचं खरं. रिंगचं खरं असेल. बाळाचं वाचून कुसुम चुलीपुढून उठून गेली. मी जवळजवळ तयार झालो होतो. पाटाखालचं पत्रही काढलं होतं.

आणि काल गोकुळ धावत आला. आता तूच सांग मला काय समजायचं ते.

गलोंड्याला आपल्या कंपनीत संजू म्हणून पोरगा आहे, आमच्या शेजारच्या गावचा. तो दुसऱ्या शेडमध्ये असतो. त्याने काही कामासाठी ठेकेदाराच्या मुनशीचं हजेरीपत्रक पाहिलं आणि फोटो काढून गोकुळला पाठवला. त्याची झेरॉक्स सोबत पाठवतोय. भिंग घेऊन बघ. "निलेश गजानन", कार्ड नंबर तोच. नऊ जानेवारीपासून रकाने कोरे. आणि अठ्ठावीस जानेवारीपासून रोज हजर! रोज, अलका! सकाळी आत जाण्याची वेळ, संध्याकाळी बाहेर पडण्याची वेळ, सगळं आहे.

माझं पोरगं रोज कामावर येतंय. कुणीतरी त्याला आत ठेवलंय, बाहेर बोलू देत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? जा आणि त्याला बघ. तू बाईमाणूस, मास्तरीण, तुला गेटवर अडवणार नाहीत. कुसुमने देव पाण्यात ठेवलेत. ती माझ्यामागे उभी राहून विचारते, "मना पोऱ्या कोठे शे?" मी तिला सांगितलं, अलका जाऊन आणेल.

गजानन

*

टोकरखाडा
१५ फेब्रुवारी २०२४

भाऊ,

मला काही सुचत नाही. झेरॉक्स समोर आहे, भिंगही घेतलं. आकडे खरे दिसतात. नंबर त्याचाच आहे, त्याचं ओळखपत्र मी कितीदा पाहिलंय.

तुम्हाला खरं सांगते, अर्धा तास माझाही विश्वास बसला. मी उठले आणि शिरा करायला घेतला. त्याला आवडतो म्हणून. रवा तुपात खमंग भाजला, साखरेचा डबा काढला, आणि मग भान आलं की मी हे कुणासाठी करतेय. गॅस बंद केला. तुम्हाला वेड्यात काढत होते ना मी? वेड लागायला किती वेळ लागतो ते आज कळलं.

उद्या शाळेतून अर्धी रजा घेतलीय. गलोंड्याला जाऊन येते.

अलका

*

टोकरखाडा
१७ फेब्रुवारी २०२४

गजाननभाऊ,

बसून वाचा. वहिनींना आधी वाचू देऊ नका.

काल साडेपाचला गेटवर उभी राहिले. इतक्या येरझारा घातल्या की शेजारच्या भजीवाल्याने पाणी दिलं. भोंगा झाला. पोरं बाहेर पडू लागली, मी एकेकाचं तोंड बघतेय. निलेशची उंची, निलेशची चाल. एकाला पाठमोरा पाहून मी हाकही मारली. तो वळला, कुणी परकाच होता.

मग पॅकिंगच्या बायका बाहेर आल्या. त्यात धनश्री.

केसांत सुताचं भुसकट, ओढणी तोंडाला बांधलेली. मला पाहून जागीच थिजली. तिच्या गळ्यात कार्ड होतं, आणि कार्डावर निलेशचा फोटो.

भाऊ, ती हजेरी तुमच्या सुनेची आहे.

मी तिला बाजूला घेतली आणि आधी रागावलेच. मला म्हणायची देवळात जाते! ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आत्या, एकवीस दिवस लागोपाठ खाडे झाले की कार्ड रद्द करतात, जागा दुसऱ्याला देतात. बाबा म्हणतात, ते येणार. आले तर त्यांची जागा नको का शिल्लक? विसावा दिवस उजाडला तेव्हा मीच मुनशीकडे गेले." मुनशी तर मला म्हणाला, "बेन, गेल्याचा कागद आला नाही, मग नाव कमी कसं करू? आणि नाव आहे तोवर कोणीतरी भरलेलं बरं." कार्ड घासलं की फाटक उघडतं, कोण घासतंय ते कोण बघतो?

समजलं का तुम्हाला? तुम्ही म्हणालात तो येणार, म्हणून ती गेली. तुम्ही रक्त दिलं नाहीत, म्हणून कागद आला नाही आणि नाव राहिलं. आणि त्या नावापुढची हजेरी पुरावा म्हणून तुमच्याकडे आली. तुमचा विश्वासच फिरून तुमच्या दारात आला, भाऊ.

आणि दुसऱ्याच्या कार्डावर काम चालतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्हाला? तीन वर्षं वसंत म्हणून भोंग्याला आत जाणाऱ्या माणसाला? मला तरी सुचायला हवं होतं. दोघांनाही सुचलं नाही, कारण सुचायला नकोच होतं.

जाताना ती म्हणाली, "आत्या, एक सांगू? रोज त्यांच्या नावापुढे हजर पडतं ना, तेवढंच बरं वाटतं." मी घरी येईपर्यंत रडत होते. शेअर रिक्षातली माणसं बघत होती, बघू देत.

अलका

*

सावखेडा
२२ फेब्रुवारी २०२४

अलका,

माझी सून बारा तास उभी राहून सुताचे कोन बांधते, आणि मी इथे खाटेवर बसून व्हिडिओ बघतो. वाचून तोंडात घास फिरेना. कुसुमला सांगितलं. तिने उठून देव पाण्यातून काढून जागेवर ठेवले.

दोन दिवस मी शेताकडेच बसून होतो. गोकुळ आला तर त्याला परत पाठवला.

पण आता एक विचारू? रागावू नको. तूच मला वसंतची आठवण करून दिलीस. तीन वर्षं मी वसंत होतो. साहेब आले, तपासणीवाले आले, माझा आणि त्याचा चेहरा मिळत नव्हता, कुणी विचारलं का? नाही. मग निलेशच्या नावाचं तिकीट होतं म्हणजे खुर्चीवर निलेशच बसला कशावरून? त्याला आधीपासून विमानाची भीती. ऐन वेळी त्याने कुणाला आपल्या नावावर पाठवलं असेल आणि आता तोंड दाखवायला लाजत असेल. वापीच्या स्टेशनवर तू आणि धनश्रीने त्याला सोडलं, हे मान्य. पण विमानात त्याला कोणी पाहिलं?

हे बेट नाही, अलका. ही आपल्याकडची रीत आहे. याला उत्तर दे.

गजानन

*

टोकरखाडा
२६ फेब्रुवारी २०२४

गजाननभाऊंना नमस्कार.

रागावले नाही. उलट थक्क झाले. रिटायर साहेबाच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा तुमची ही एक शंका भारी आहे. विमानतळावर आधार बघतात, चेहरा बघतात, कंपनीच्या गेटसारखं तिथे नसतं. पण चूक होणारच नाही असं शपथेवर मी कशी सांगू?

मग आता वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही म्हणता खुर्चीवर दुसरा होता. मी म्हणते निलेश होता. तुमचं माझं तोंड दुखेल, निकाल लागणार नाही. निकाल फक्त एकाच ठिकाणी आहे. दुसरा असेल तर तुमचं आणि वहिनींचं रक्त जुळणारच नाही. त्या क्षणी तुम्ही जिंकलात, आणि सगळ्या सरकारला तोंडावर सांगू शकाल की माझा मुलगा तुमच्या त्या नऊ जणांत नाही, शोधा त्याला. तुमच्याच म्हणण्यासाठी रक्त द्या. रक्तही बदलतील म्हणाल, तर त्या दिवशी मी येते आणि बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिघं सही करू.

दहा मार्चला तेराच दिवस उरलेत. वहिनींना विचारा. आई आहे ती, तिला खरं हवं असेल.

अलका

*

सावखेडा
७ मार्च २०२४

चि. अलकास,

तू परत गेलीस आणि घर सुनं झालं, म्हणून लिहितो.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तू होतीसच, पण तुला एक दिसलं नाही, तू चिठ्ठी वाचत होतीस. सुई काढल्यावर कुसुमने त्या नर्सचा हात धरून ठेवला आणि विचारलं, "मना पोऱ्या कोठे शे?" ती केरळकडची पोरगी, तिला काय कळणार? पण तिने हात सोडवून घेतला नाही.

मी कुसुमला सांगितलंय, आपण रक्त देतोय ते तो त्या नऊ जणांत नाही हे दाखवायला. ती तेवढ्याच बोलीवर आली.

आता वाट बघणं.

गजानन

*

टोकरखाडा
२९ मार्च २०२४

भाऊ, वहिनी,

निरोप मिळालाच असेल. गावात तलाठी कागद घेऊन आला असं धनश्रीला कळलं. तिलाही इथे फोन आला. जुळलं.

मला वाटलं होतं, मी तयार आहे. पहिल्या दिवसापासून मीच म्हणत होते ना? पण ती फोन ठेवून माझ्याकडे बघायला लागली आणि मी ओरडले. शेजारपाजारचे धावत आले. काय बरोबर ठरलं हो माझं? आग लागो त्या बरोबर ठरण्याला.

दुसऱ्या दिवशी धनश्रीने फोनवर आलेल्या कागदाची प्रत काढून मुनशीला दिली. पत्रकावर निलेशच्या नावावरून रेघ तिने आपल्या हाताने मारून घेतली, दुसऱ्या कुणाला मारू दिली नाही. मग म्हणाली, "आता माझ्या नावाचं कार्ड करा." मी तिथेच होते. मुनशी उठून उभा राहिला.

आता माझं ऐका. हे सांगितल्याशिवाय मला तुमच्या दारात पाऊल टाकता येणार नाही.

आदल्या दिवशी निलेश माझ्याकडे आला होता. म्हणाला, "आत्या, भीती वाटते. पडलं तर?" मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलले, "अरे, रस्त्यावरच्या रिक्षापेक्षा विमान बरं. लाखात एक पडतं. तुला काय लॉटरी लागणार आहे?" तो हसला. सकाळी आठ पन्नासला विमानातून मला त्याचा फोटो आला. पट्टा बांधलेला, दात काढून हसतोय, मागे गोल खिडकी. खाली लिहिलेलं, "आत्या, बसलो. लाखात एक."

भाऊ, तुम्ही विचारलंत, विमानात त्याला कोणी पाहिलं? मी पाहिलं होतं. तो फोटो असलेला फोन तुमचं पत्र वाचताना माझ्या टेबलाच्या खणात होता. आणि मी लिहिलं, शपथेवर कसं सांगू. तुमची सगळी शंका त्या एका फोटोने मिटली असती. पण फोटो दाखवला असता तर तुमच्याकडे रक्त द्यायचं कारणच उरलं नसतं. दहा तारीख गेली असती, आणि त्याला इतरांत मिसळून टाकला असता. म्हणून दडवला. आयुष्यभर पोरांना ओरडले की येत असलेलं उत्तर लपवू नका, आणि इथे मीच पाटी कोरी ठेवली. तुमच्या खोट्या आशेवर तुम्हाला दवाखान्यात नेलं. आणि खरं सांगू? लाज पण होती. माझ्या लाखात एकची.

काय शिक्षा द्यायची ती द्या. राखी परत करायची तर तीही करा.

अलका

*

सावखेडा
६ एप्रिल २०२४

माझ्या लाडक्या बहिणीस,

तापीवर सगळं झालं. डबा लहान होता, कुसुमने मांडीवर घेतला आणि वाटभर कुणाकडे दिला नाही. सुतक सोडायला, गंधमुक्तीला सगळे आले. ज्यांना मी दारातून हाकललं होतं तेही आले. मी दारात उभा राहून एकेकाचा हात धरला. या वेळी रडा म्हटलं, हवं तेवढं रडा.

धनश्री इथे आहे. आठ दिवसांनी परत जाईल म्हणते. कामावर खाडे नकोत म्हणते, कार्ड नवीन आहे. जाऊ दे तिला. तिची काळजी घे. तिने पुढे काय करायचं ते ती ठरवेल, आमची आडकाठी नाही, हे कुसुमने तिला स्वतः सांगितलं.

आता तुझ्या फोटोचं. परवा मी ज्वारीची कोठी रिकामी केली. फोन काढला, पुसला, चार्जिंगला लावला. अलका, फोन कोणी ऐकत नव्हतं. ते मला ठाऊक होतं. मी तो तळाशी पुरला कारण त्याच्यात तो होता. त्याने मलाही फोटो पाठवला होता. तोच पट्टा, तेच हसू. वेळ बघितली, तुझ्या आधी एक मिनिट. खाली लिहिलंय, "बाबा, खिडकीची जागा मिळाली."

मी तेव्हा शेतात पाणी भरत होतो. बघितला आणि म्हटलं, पोराला उत्तर चांगलं लिहावं, घरी जाऊन निवांत लिहू. लिहिलं नाही. मग संध्याकाळी बातमी आली.

विमानात त्याला कोणी पाहिलं, हे मी तुला विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. तू मला फसवलं नाहीस आणि मी तुला फसवलं नाही. मला दवाखान्यात जायला कारण हवं होतं, कुसुमला नेण्याजोगं. तू दिलंस. तू नाही म्हणाली असतीस, फोटो पुढे केला असतास, तर मी हरलो म्हणून घरीच बसलो असतो, आणि माझा पोरगा परक्यांत गेला असता. शिक्षा कसली मागतेस वेडे? राखीला ये. मोठी घेऊन ये.

लाखात एक हे तू बरोबरच सांगितलंस. तो एक आपला होता, एवढंच.

काल मी त्याच्या फोटोखाली उत्तर लिहिलं. "छान. बाहेर बघ आणि सांग कसं दिसतं." पाठवलं. एकच टिक आली. दुसरी येणार नाही हे मला कळतं, समजावू नकोस. उशीर झाला, पण उत्तर दिलं.

आता पत्र पुरे. फोन चालू ठेवलाय. कर.

तुझा भाऊ,
गजानन